भिलाईच्या पानावर : स्वस्त आणि अस्सल

बदलीच्या गावी गेलेल्या गृहस्थापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो घराचा आणि दुसरा जेवणाचा. घर एकदा मिळाले की तो प्रश्न मिटतो; जेवणाचा प्रश्न मात्र दिवसातून दोनदा नव्याने उपस्थित होतो. बिऱ्हाड मागाहून यावयाचे असेल, किंवा घरातला मुलगा शिक्षणासाठी एकटाच जावयाचा असेल, तर घरच्या माणसांची पहिली पृच्छा असते ती हीच : 'तिथे खाण्याची सोय कशी आहे?' आमच्या अनेक वाचकांची मुले आज भिलाईत आहेत. कोणी पोलाद कारखान्यात आहे, कोणी शिकवणी वर्गांत, तर कोणी 2016 साली स्थापन झालेल्या तेथील आय.आय.टी.त. तेव्हा या वेळी या सदरात भिलाईच्या खाण्यापिण्याचा विचार करावयाचे योजिले आहे.

विचार करावयाचा तो मोठ्या उपाहारगृहांचा नव्हे. त्यांची पदार्थपत्रिका नागपुरात, पुण्यात, रायपुरात आणि भिलाईत बहुधा एकच असते : एक पान पंजाबी, एक पान चिनी आणि अलीकडे अर्धे पान थाय. त्या अर्ध्या पानावरील हिरवे कालवण खाऊन थायलंडची चव कळली असे समजणे म्हणजे मुंबईच्या तारांकित हॉटेलातला वडापाव खाऊन दादर स्थानकाची ओळख झाली असे म्हणण्यासारखे आहे. थायलंडात अस्सल जेवण मिळते ते भातावर दोन कालवणे वाढून देणाऱ्या साध्या दुकानांत आणि रस्त्याच्या कडेच्या गाड्यांवर. कारण तेथील कामकरी माणूस तेथेच जेवतो. जी गोष्ट बँकॉकची, तीच भिलाईची. स्वस्त आणि अस्सल हे दोन गुण पुष्कळदा एकाच ठिकाणी सापडतात, आणि त्याचे कारण सरळ आहे. रोजचे गिऱ्हाईक त्याच प्रांतातले असेल तर त्याला चवीत फसवता येत नाही, आणि ते रोजचे असल्यामुळे भावातही फसवता येत नाही.

खुणा कशा ओळखाव्या?

नवख्या गावात अशी जागा हुडकण्यासाठी चार खुणा ध्यानात ठेवाव्या. पहिली खूण फळ्याची. जेथे पदार्थांची नावे थोडी आणि हाताने लिहिलेली असतात, तेथे जे केले जाते ते रोज केले जाते. शंभर पदार्थांची यादी टांगणारा दुकानदार शंभर पदार्थ ताजे करू शकत नाही, हे कोणाही गृहिणीस सांगावयास नको. दुसरी खूण वेळेची. इडली सकाळी नऊच्या सुमारास संपत असेल, माशाचे कालवण दीडपर्यंतच मिळत असेल, तर ती जागा चांगली समजावी. संपणारा पदार्थ हा त्याच दिवशीचा पदार्थ असतो. तिसरी खूण भाषेची. स्वयंपाकघरातून गल्ल्याकडे आणि गल्ल्याकडून बाकांकडे एकच भाषा बोलली जात असेल, तर पदार्थ त्या भाषेचाच असणार. चौथी खूण गिऱ्हाइकाची. पाळी सुटल्यावर सायकल किंवा मोटारसायकल लावून माणसे जेथे न विचारता बसतात आणि ताट न मागता पुढे येते, तेथे आपणही निःशंकपणे बसावे.

कामगारांची पंगत

या खुणा कोणत्याही गावी उपयोगी पडतात. भिलाईत त्या विशेषच उपयोगी पडतात. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील या जागी दहा लक्ष टन पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या चार वर्षांत आणि पुढेही कित्येक वर्षे आंध्र, केरळ, तामिळनाडू, बंगाल, ओरिसा, बिहार, पंजाब आणि अर्थातच विदर्भ अशा साऱ्या दिशांनी माणसे येथे उतरली. हावडा-नागपूर-मुंबई हा लोहमार्ग गावातूनच जात असल्यामुळे येणे सोपे होते. माणसे आली ती आपापली भाषा, आपापले देव आणि आपापली चूल घेऊन आली. भिलाईला 'छोटा भारत' म्हणण्याचा जो प्रघात आहे, त्याची सत्यता पाहावयाची असेल तर ती पानावर पाहावी.

म्हणूनच येथे खाणावळ शोधावयाची ती वस्ती पाहून. खुर्सीपार आणि कॅम्पच्या भागांत तेलुगू कुटुंबांची वस्ती मोठी आहे. त्या बाजूला सकाळी निघणाऱ्या गाड्यांवर इडली, वडा आणि डोसा तर मिळतोच. त्याबरोबरच्या शेंगदाण्याच्या आणि आल्याच्या तिखट चटणीवरून गाडीवाला कोणत्या मुलखाचा ते कळते. पॉवर हाऊसच्या बाजारात आणि नंदिनी रस्त्याच्या आसपास मजुरांसाठी थाळी वाढणाऱ्या जागा आहेत. गावाला कापीत जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रस्त्याला येथे सारे 'जी. ई. रोड' म्हणतात, त्यावर ट्रकचालकांच्या सोयीसाठी पंजाबी ढाबे उभे राहिले. तंदूरची रोटी आणि काळ्या उडदाची डाळ खावयाची ती जेथे ट्रक उभे असतील तेथे. सेक्टरांतील बाजारांत बंगाली मिठाईची दुकाने आहेत, आणि दुर्गापूजेच्या दिवसांत बंगाली मंडळींच्या मंडपाभोवती जे खाद्यपदार्थ मिळतात ते एरवी कलकत्त्यास गेल्याशिवाय मिळत नाहीत. ओणमच्या सुमारास मल्याळी मंडळींची केळीच्या पानावरची जेवणे होतात. शेजारी मल्याळी असेल तर आमंत्रणाची वाट न पाहता चौकशी करावी, तो आनंदानेच नेईल.

न्याहारीच्या बाबतीत सारे प्रांत एक झाले आहेत. पोहे आणि जिलबी एकाच पुडक्यात बांधून घेण्याची चाल येथे सार्वत्रिक आहे. आपल्या बटाटेवड्याला या भागात 'आलूगुंडा' म्हणतात आणि पाणीपुरीला 'गुपचुप'. ही दोन नावे ठाऊक नसल्यामुळे नवखा मराठी माणूस बराच वेळ गाडीपुढे उभा राहतो आणि समोर असलेलीच वस्तू मागत बसतो.

एका ठिकाणाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण त्यामागे श्रमिकांचा इतिहास आहे. ते म्हणजे इंडियन कॉफी हाऊस. कॉफीचा खप वाढावा म्हणून 1936 पासून सरकारी कॉफी मंडळाच्या पूर्वावतारातील समितीने देशात कॉफीगृहे उघडली होती. पुढे पन्नाशीच्या दशकात मंडळाने ती बंद करावयास घेतली आणि कामगार रस्त्यावर येण्याची पाळी आली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्याच कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या आणि 1957 पासून कॉफीगृहे स्वतः चालविण्यास प्रारंभ केला. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या भागांतील कॉफीगृहे जबलपूरच्या अशाच सहकारी संस्थेची आहेत. भिलाईतील कॉफी हाऊसमध्ये डोसा आणि कॉफी घेणारे विद्यार्थी, निवृत्त कामगार आणि साऱ्या कुटुंबानिशी आलेले गृहस्थ एकाच दालनात दिसतात. फेटा बांधलेला वाढपी तेथे नुसता नोकर नसतो. संस्थेचा तो सभासद असू शकतो. एकट्या राहणाऱ्या मुलींनीही निर्धास्तपणे जाऊन बसावे, अशी ही जागा आहे.

यजमान कोठे आहे?

येथवर वाचून वाचकांस वाटेल की भिलाईत सर्वांची सोय झाली. ती झाली खरी. परंतु या भरल्या पंगतीत एक पान रिकामे आहे, आणि ते ज्याच्या अंगणात पंगत बसली त्या यजमानाचेच आहे. तेलुगू, पंजाबी, बंगाली असे सारे पदार्थ मागताक्षणी मिळतील; मात्र छत्तीसगडी जेवण मागितले तर हॉटेलवाला आपल्या तोंडाकडे पाहील. ज्या खेड्यांच्या जमिनींवर कारखाना आणि वसाहत उभी राहिली, त्या खेड्यांतले रोजचे अन्न फळ्यावर लिहिण्याजोगे आहे असे दीर्घकाळपर्यंत कोणास वाटले नाही.

याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. खाणावळ ही घरापासून दूर असलेल्या माणसासाठी असते. छत्तीसगडी माणसाचे घर जवळच, शेजारच्या खेड्यात होते. तो डबा घेऊन येई किंवा सकाळी जेवूनच निघे. त्यामुळे त्याच्या जेवणाला गिऱ्हाईक उभे राहिले नाही. हे झाले एक कारण. दुसरे अधिक कटू आहे. बाहेरून आलेला कामगार शिकलेला, पगारी, शहराची चाल जाणणारा. येथला माणूस शेतकरी वा मजूर. तांदळाची भाकर आणि पाण्यातला भात हे गरिबाचे खाणे, असा शिक्का बसला. शिक्का बाहेरच्यांनी मारला, पण हळूहळू तो घरच्यांनीही मानला. पाहुणा आला की चीला बाजूस सारून समोसा मागवायचा, ही रीत मग आपोआपच पडली. अन्नाची लाज वाटू लागली की ते प्रथम पाहुण्यांच्या ताटातून जाते, नंतर मुलांच्या आणि शेवटी म्हाताऱ्यांबरोबर घरातूनच जाते. हे आपल्याकडील अंबाडीच्या भाकरीच्या आणि नाचणीच्या आंबिलीच्या बाबतीत आपण पाहिलेलेच आहे.

बँकॉकचा दाखला

आरंभी थाय जेवणाचा उल्लेख आला तो याच कारणास्तव पुरा करतो. आज जगभर थाय म्हणून नाव पावलेल्या पदार्थांत कच्च्या पपईची कोशिंबीर आहे. तिला 'सोम तम' म्हणतात. लांबट उखळीत मिरची, लसूण, लिंबू आणि पपईचा कीस कुटून ती करतात आणि हाताने वळलेल्या चिकट भाताच्या घासाबरोबर खातात. हा पदार्थ थायलंडच्या ईशान्येकडील 'ईसान' या कोरडवाहू, गरीब प्रदेशाशी जोडलेला आहे. तेथील लोक लाओशी जवळच्या बोली बोलतात, आणि बँकॉकचे शिष्ट लोक त्यांना व त्यांच्या उग्र वासाच्या खारवलेल्या माशालाही नाके मुरडीत. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ईसानचे मजूर बांधकामावर, कारखान्यांत आणि भाड्याच्या गाड्या चालविण्यासाठी बँकॉकला लोटले. त्यांच्यासाठी त्यांच्याच बायाबापड्यांनी उखळी घेऊन रस्त्याच्या कडेला दुकाने मांडली. प्रथम तेथे फक्त मजूर जेवले. मग कारकून जेवू लागले. मग परदेशी पाहुणे. ज्या पदार्थाला गावंढळ म्हटले, तोच आज देशाची ओळख ठरला आहे. थायलंडच्या शासनानेही 2002 पासून परदेशांत थाय उपाहारगृहे वाढावीत म्हणून रीतसर योजना राबविली.

फरक ध्यानात यावा. बँकॉकमध्ये ईसानचा माणूस परका होता, म्हणून त्याची खाणावळ निघाली. भिलाईत छत्तीसगडी माणूस घरचा होता, म्हणून त्याची निघाली नाही. यजमान स्वतःच्या घरी खाणावळ घालीत नाही. तेव्हा त्याचे अन्न हुडकावयाचे तर ते मागावे लागते, आणि मागणारा तेथे राहावयास आलेला पाहुणाच असावा लागतो.

आपल्याच ओळखीचे पदार्थ

मराठी माणसाला ही मागणी करणे अवघड जाऊ नये. दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यापूर्वी अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. हिंदीतील आद्य कथाकारांत ज्यांची गणना होते आणि ज्यांनी 1900 साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले, ते माधवराव सप्रे मराठी घराण्यातलेच. पण राजकारणापेक्षा जवळचे नाते चुलीचे आहे. नावे बदलली आहेत. वस्तू पाहिली की ओळख पटते.

'चीला' म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडे. त्यात हिरवी मिरची आणि कोथिंबीर असते, आणि सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. गूळ घातला की तोच 'गुरहा चीला' होतो. 'अंगाकर रोटी' ही तांदळाच्या पिठाची जाड रोटी. पिठात बहुधा उरलेला भात मळतात आणि पळसाच्या किंवा अन्य पानांत ठेवून निखाऱ्यावर भाजतात. वऱ्हाडातले पानगे आणि कोकणातली पानगी या तिच्या बहिणीच होत. 'अइरसा' पाहिला की अनारशाची आठवण होते. तांदूळ आणि गूळ हेच त्याचेही घटक. 'इडहर' म्हणजे अळूच्या पानांत उडदाचे वाटण गुंडाळून उकडलेल्या वड्या. त्या ताकाच्या कढीत सोडतात. 'डुबकी कढी' ही आपली गोळ्यांची कढीच. 'रखिया बडी' म्हणजे कोहळ्याचे सांडगे. पालेभाज्यांचे तर तेथे राज्यच आहे : 'चरोटा' म्हणजे आपला टाकळा, 'अमारी' म्हणजे अंबाडी, 'मुनगा' म्हणजे शेवगा आणि 'बोहार' म्हणजे भोकर. ज्या भाज्या मुंबई-पुण्याच्या बाजारात श्रावणात आठवडाभर दिसून नाहीशा होतात, त्या तेथे रोजच्या जेवणात आहेत.

सणही तेच आहेत. आपला बैलपोळा तो तेथील 'पोरा'. त्या दिवशी बेसनाची खारी 'ठेठरी' आणि कणकेची गोड 'खुरमी' तळतात. त्यानंतर येणारी हरितालिका म्हणजे 'तीजा'. तीजासाठी सासुरवाशिणीला न्यावयास माहेरचे माणूस येते, आणि उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाण्याची रीत आहे. त्याला 'करू भात' म्हणतात. कडू खाऊन कडक उपवासास बसणाऱ्या या भगिनींशी आपल्या भगिनींचे चटकन जमेल.

सर्वांच्या घरचे एकच अन्न

या सर्वांहून महत्त्वाचा पदार्थ 'बासी'. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि एखादी भाजी यांबरोबर खातात. त्याच दिवशीचा भात पाण्यात घालून खाल्ला तर तो 'बोरे'. उन्हात राबणाऱ्या माणसाला एकाच वेळी पाणी, मीठ आणि अन्न पोचविणारी ही युक्ती आहे. रात्रभर पाण्यात राहिल्याने भात किंचित आंबतो आणि पोटाला हलका वाटतो.

आता गंमत पाहा. बासीला गरिबाचे खाणे म्हणून ज्यांनी नाक मुरडले, त्यांच्या घरी तरी काय होते? ओरिसात हाच 'पखाळ', बंगालात 'पांता भात', केरळात 'पळंकंजी', तामिळनाडूत 'पळय सोरु' आणि आंध्रात 'चद्दन्नम'. कारखान्याच्या फाटकाशी निरनिराळ्या भाषांत बोलणारे हे सारे कामगार लहानपणी एकाच न्याहारीवर वाढले होते. परंतु खाणावळीच्या फळ्यावर ती न्याहारी कोणीच लिहिली नाही, म्हणून कोणालाच कोणाची ओळख पटली नाही. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातील 'मास्टरशेफ' या पाककलास्पर्धेच्या अंतिम फेरीत बांगलादेशी वंशाच्या किश्वर चौधुरी यांनी हाच भात परीक्षकांपुढे ठेवला आणि तो जगभर वाखाणला गेला. 2022 मध्ये छत्तीसगडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी 1 मे या कामगार दिनी सर्वांनी बोरे-बासी खावी असे आवाहन केले आणि अधिकारी, पुढारी, विद्यार्थी यांनी पंगती मांडल्या. त्यात राजकारण किती आणि आस्था किती याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पण ज्या वाडग्यावर पाहुणा येताच झाकण पडत असे, तो चारचौघांत उघडला गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

कोठे आणि केव्हा?

आता व्यवहाराची गोष्ट. छत्तीसगडी पदार्थ पाहावयाचे ते सकाळी लवकर. चीला आणि फरा करणाऱ्या बहुतेक बायाच असतात. बाजाराच्या तोंडाशी, वस्तीच्या कोपऱ्यावर त्यांची शेगडी पेटलेली असते आणि ऊन चढले की त्या उठून जातात. सुपेला येथे रविवारी मोठा बाजार भरतो. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या भाज्या पाहण्यासाठी तरी एक फेरी मारावी आणि भाजीवालीलाच विचारावे की तुम्ही न्याहारी कोठे करता. याहून चांगला वाटाड्या मिळणार नाही. जत्रा, मेळावे आणि सणासुदीचे दिवस यांवर लक्ष ठेवावे. 'हरेली'चा सण तेथील श्रावण अमावास्येस, म्हणजे आपल्या आषाढ अमावास्येस येतो. त्या दिवशी शेतीच्या अवजारांची पूजा होते, मुले बांबूच्या 'गेंडी'वर चालतात आणि घरोघर गुरहा चीला होतो.

अवघ्या एका दिवसात सारे पदार्थ चाखावयाचे असतील तर रायपूरला जावे. आगगाडीने हा प्रवास तासाभराच्या आतबाहेरचा आहे. तेथे महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात 2016 साली 'गढकलेवा' नावाचे उपाहारगृह सुरू झाले. 'कलेवा' म्हणजे न्याहारी. शासनाच्या संस्कृती विभागाने जागा दिली आणि चालविण्याचे काम महिला बचतगटाकडे सोपविले. चीला, फरा, ठेठरी, खुरमी, अइरसा, बडा असे पदार्थ तेथे मांडण्यात आले. गिऱ्हाइकांत शहरी तरुण होते आणि आपल्या आजीच्या हातचे शोधीत आलेले छत्तीसगडीही. पुढे 2020 मध्ये राज्य शासनाने प्रत्येक जिल्ह्यात असे केंद्र असावे असे धोरण ठरविले. ज्या बाईचे कसब आजवर घरातच मोफत खर्ची पडत होते, त्याला या निमित्ताने मोल आले. स्वयंपाक हा धंदा होऊ शकतो हे आपल्याकडील खाणावळवाल्या आणि पापड लाटणाऱ्या भगिनींनी केव्हाच दाखवून दिले आहे. तेथेही तेच घडत आहे.

काही दक्षता

स्वस्त म्हणजे निष्काळजी नव्हे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करणे आवश्यक आहे. मोठ्या जागी चौदा आकडी क्रमांक लावलेला असतो, तो पाहावा. लहान गाडीवर डोळे आणि नाक हेच निरीक्षक. डोळ्यांदेखत तव्यावरून उतरलेला किंवा वाफेतून निघालेला पदार्थ घ्यावा. तळणीचे तेल काळे पडले असेल तर पुढे चालावे. पाणी आपले बरोबर असावे. चटणी नारळाची असेल तर ती सकाळीच खावी, दुपारी नव्हे. बासी मात्र अनोळखी ठिकाणी खाऊ नये. ती घरी स्वच्छ भांड्यात, स्वच्छ पाण्यात, झाकून करावी आणि सकाळीच संपवावी. भात तासन्‌तास नुसताच उघडा ठेवून मग पाणी घालणे धोक्याचे असते, कारण उबेत त्यात अपायकारक जंतू वाढतात आणि पुन्हा तापविल्यानेही त्यांचे विष जात नाही.

आणखी एक दक्षता शिष्टाचाराची. जेथे पदार्थ आधीच स्वस्त आहे, तेथे घासाघीस करू नये. पहाटे चारला उठून पीठ कालविणाऱ्या बाईच्या हिशेबात दोन रुपयांना किंमत असते. 'हे कसे करता?' असे विचारावे. त्या प्रश्नाने तिला जो मान वाटतो तो पैशांत मोजता येत नाही.

घरी करून पाहा : फरा

भिलाईस जाण्याचा योग नसलेल्या भगिनींसाठी एक पदार्थ देतो. दोन वाट्या तांदळाचे पीठ आणि एक वाटी मऊ शिजलेला भात एकत्र करून चवीपुरते मीठ घालावे आणि लागेल तसे कोमट पाणी घेऊन मऊसर मळावे. भात आदल्या रात्रीचा असेल तर तो झाकून थंड जागी ठेवलेला असावा. तळहाताला तेल लावून बोटाएवढ्या लांब, मध्ये जाड आणि टोकांना निमुळत्या वळकट्या कराव्या. मोदकपात्रात पंधरा मिनिटे वाफवाव्या. निवल्यावर कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, तीळ, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता यांची फोडणी करावी, त्यात फरे घालून हलक्या हाताने परतावे आणि कोथिंबीर पेरावी. लसूण घालून वाटलेल्या भाजक्या टोमॅटोच्या चटणीबरोबर गरमच वाढावे. चार माणसांची न्याहारी होते, खर्च किरकोळ येतो आणि उरलेल्या भाताची चिंता मिटते.

वाचकहो, भिलाईस राहावयास गेलात तर तेलुगू इडली खा, पंजाबी डाळ खा, कॉफी हाऊसमध्ये बसून गप्पाही करा. परंतु आठवड्यातून एकदा तरी एखाद्या लहानशा हॉटेलात शिरून चीला मागा. पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्यांदा हसतील. चार जणांनी चार वेळा मागितला की तवा चढेल, कारण दुकानदार गिऱ्हाइकाची जीभ फार लवकर ओळखतो. ज्या भूमीने आपल्या मुलांना नोकरी दिली, शिक्षण दिले, तिच्या घरचे अन्न मागून खाणे ही तिची मोठी सेवा आहे, असे काही नाही; पण पाहुण्याने यजमानाच्या ताटाकडे न पाहता जेवून उठणे हे मात्र कोणत्याही प्रांताच्या रीतीत बसत नाही.